इअरफोन घेताना आधी कान पाहा

कोलाडच्या बाजारातून तीनशे रुपयांचा वायरचा इअरफोन आणला. दोन दिवसांत मुलीची तक्रार, "अम्मी, आवाज पत्र्यासारखा येतो आणि सारखा निसटतो." बदलून घ्यायला निघाले, तेवढ्यात खोक्यातल्या पुडीत जादा रबर दिसले. डाव्या कानाला लहान माप लावले, उजव्याला मधलेच ठेवले. तोच इअरफोन छान वाजू लागला! दोन्ही कान सारखे असतातच असे नाही.

रबर कानाच्या भोकाला सगळीकडून टेकले नाही, तर त्या फटीतून पहिल्यांदा खर्जाचा आवाज निसटतो. बाहेरचा गोंगाट आत येतो आणि मूल आवाज वाढवत जाते. महामार्गालगतच्या आमच्या घरांत तर ट्रकांची घरघर दिवसभर. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला ४० तास ऐकण्यासाठी मोठ्यांना ८० आणि मुलांना ७५ डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. आवाज वाढला की हे तास झपाट्याने घटतात.

म्हणून खोक्यावरच्या 'एक्स्ट्रा बास'ला भुलू नका. रबराची तीन मापे आहेत का, आपल्या फोनला गोल पिन लागते की टाइप-सी, एवढे विचारा. कान दुखला तर माप मोठे आहे. रबर काढून साबणाने धुवा, पूर्ण वाळवूनच लावा. रस्ता ओलांडताना मात्र दोन्ही कान मोकळे हवेत.

सासूबाई इअरफोनवर तिलावत ऐकतात. त्यांना रबर मुळीच सोसत नाही, कान घामेजतात. त्यांच्यासाठी बिनरबराचा जुनाच ठेवला आहे. आवाज तेवढा मी अधूनमधून कमी करते.