फाईलीत लिहिलेला हुकूम

सन 2012 मध्ये केंब्रिजहून विक्रीस आलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाच्या कडेला धातूच्या पिनांची दुहेरी रांग असते. प्रारंभी त्या 26 होत्या, 2014 पासून 40 झाल्या, आणि वीज पुरविणाऱ्या व ग्राउंडच्या पिना वगळल्या तर उरलेल्या बहुतेकींना आपल्या आज्ञेनुसार 3.3 व्होल्टचा दाब धारण करता येतो, सोडता येतो, किंवा बाहेरून आलेला दाब ओळखून कळविता येतो. शेलच्या, म्हणजे लिहिलेल्या आज्ञा पाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, दोन-चार ओळींनी हे साधते, याचे श्रेय केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी 1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत पाया घातलेल्या युनिक्सला आहे, कारण उपकरणालाही फाईल मानण्याचा तिचा परिपाठ या संगणकावर चालणाऱ्या लिनक्सने पुढे चालविला.

लिनक्सच्या जुन्या पद्धतीत ‘एक्स्पोर्ट’ नावाच्या फाईलीत पिनेचा क्रमांक ‘इको’ या आज्ञेने लिहिला, की तिच्या नावाचे फोल्डर प्रकट होई; त्यातील ‘डिरेक्शन’ फाईलीत ‘आउट’ हा शब्द आणि ‘व्हॅल्यू’ फाईलीत 1 लिहिताच पिनेला जोडलेला दिवा उजळे, 0 लिहिताच मालवे. अशा ओळींची स्क्रिप्ट कोणीही उघडून वाचावी आणि यंत्र काय करणार ते जाणावे, ही पारदर्शकता मला अत्यंत मोलाची वाटते.

तथापि या व्यवस्थेत मालकीचा बंदोबस्त नव्हता. पिनेवरून पाण्याचा पंप सुरू करून स्क्रिप्ट मध्येच बंद पडली, तर पिन तशीच राही आणि पंप चालूच राही. शिवाय परवानगी असलेली दुसरी स्क्रिप्ट तीच पिन बेलाशक उलटवू शके. म्हणून 2016 मध्ये, लिनक्स कर्नलच्या 4.8 या आवृत्तीपासून, नवी पद्धत आली, जीत पिनेचा ताबा मागणाऱ्या प्रोग्रॅमकडेच राहतो व तो संपताच सुटतो. तिच्यातील ‘जीपीआयओसेट’ या आज्ञेने पिन चढवावी, ‘जीपीआयओगेट’ने वाचावी, पण ताबा सुटल्यावर पिनेची स्थिती टिकेलच अशी हमी नसल्यामुळे, त्या वेळी पंप बंदच राहील अशी तजवीज विद्युतमंडलातच रोधक बसवून करणे शहाणपणाचे.

आज्ञा निर्दोष असली तरी विजेचे नियम सुटत नाहीत. एका पिनेतून 16 मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह घेऊ नये, तिला 5 व्होल्ट लावू नयेत, दिव्याच्या एलईडीस रोधक जोडावा, आणि पंप तर रिलेमार्फतच चालवावा. शेलला प्रत्येक आज्ञेसाठी बहुधा नवा प्रोग्रॅम उभा करावा लागत असल्याने सूक्ष्म, नियमित स्पंदने निर्माण करणे हे तिचे काम नव्हे. दार, दिवा, पाणी यांच्या कारभारास मात्र तिचा वेग पुरून उरतो. दाराचे बटण दाबले गेले काय, हे अखंड विचारीत बसण्यापेक्षा ‘जीपीआयओमॉन’ या प्रोग्रॅमला पिनेवर ठेवावे, म्हणजे बदल घडताच तो वर्दी देतो. बटणाचे धातू एका दाबात अनेकदा थरथरतात, तेव्हा काही मिलिसेकंदांतले पुढचे बदल दुर्लक्षावेत, हेही त्याला सांगून ठेवावे.