बालगृहानंतरचे कॉलेज : समज आणि वस्तुस्थिती

बालगृहातली सगळी मुले अनाथ असतात, हा सर्वांत रुळलेला समज आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार बालकल्याण समिती काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला संस्थेत दाखल करते. त्यात आई-वडील नसलेली मुले असतात, तशीच एकच पालक असलेली, घर सोडून आलेली, बालमजुरीतून सोडवलेली किंवा पालक दुर्धर आजारी असलेली मुलेही असतात. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या बालकल्याण संकुलाला जुनी माणसे अजून ‘रिमांड होम’ म्हणतात. त्यामुळे तिथे राहिलेल्या मुलाने काहीतरी गुन्हा केला असणार, असाही संशय घेतला जातो. प्रत्यक्षात कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या बालकांसाठी निरीक्षणगृहाची वेगळी तरतूद आहे. पुढच्या शिक्षणाच्या बहुतेक सवलती ‘अनाथ’ या व्याख्येशी बांधलेल्या असल्यामुळे हा फरक मोलाचा ठरतो. आई हयात असूनही सगळे बालपण संस्थेत काढलेली मुलगी त्या व्याख्येत सहसा बसत नाही.

अठरा पूर्ण झाली की सरकारची जबाबदारी संपते, असे अनेक शिक्षकही सांगतात. अधिनियमाच्या कलम 46 मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद आहे. ही अनुरक्षण सेवा 21 वर्षांपर्यंत आणि गरज पडल्यास 23 वर्षांपर्यंत मिळू शकते. ‘मिशन वात्सल्य’ योजनेत त्यासाठी दरमहा 4,000 रुपये धरलेले आहेत. अडचण वेळापत्रकाची आहे. अठरावा वाढदिवस बहुधा बारावीच्या आसपास येतो. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल मे महिन्यात आणि प्रवेशाच्या फेऱ्या पुढे पावसाळ्यात. नेमक्या याच महिन्यांत राहण्याचे ठिकाण सुटते, आणि ज्यांनी कागदपत्रांसाठी धावपळ करायची ते अधीक्षकही आता कायदेशीर पालक राहिलेले नसतात. सापडलेल्या मुलांची तर जन्मतारीखच वैद्यकीय तपासणीतून अंदाजाने ठरवलेली असते. म्हणजे एका अंदाजावर घर सोडण्याची तारीख ठरते.

अनाथांना आरक्षण आहे, मग अडचण कसली, हा तिसरा समज. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत चांगले गुण मिळवूनही जात ठाऊक नसल्याने खुल्या प्रवर्गात अडकलेल्या एका तरुणीच्या पाठपुराव्यानंतर महाराष्ट्र शासनाने एप्रिल 2018 मध्ये अनाथांसाठी 1 टक्का समांतर आरक्षण लागू केले. 2021 मध्ये त्याची व्याप्ती वाढवली आणि एप्रिल 2023 च्या निर्णयाने ‘संस्थात्मक’ व ‘संस्थाबाह्य’ अशी दोन गटांची रचना आणली. हे आरक्षण शिक्षण आणि शासकीय नोकरी या दोन्हींसाठी आहे. मात्र बालगृहाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधीक्षकांचे पत्र त्यासाठी चालत नाही. महिला व बाल विकास विभागाच्या विभागीय उपआयुक्तांचे अनाथ प्रमाणपत्रच लागते. कोल्हापूर जिल्हा पुणे विभागात येतो, त्यामुळे जिल्ह्यातून निघालेला प्रस्ताव पुण्याहून मंजूर होऊन यावा लागतो. प्रवेशाच्या आठवड्यात हे सुचले, तर ती फेरी गेलीच म्हणायची.

फी माफ म्हणजे शिक्षण फुकट, असेही गृहीत धरले जाते. जुलै 2024 मध्ये शासनाने आर्थिकदृष्ट्या मागास व इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले, तेव्हा ‘संस्थात्मक’ व ‘संस्थाबाह्य’ या दोन्ही गटांतील अनाथ मुलींबरोबर मुलांनाही तो लाभ दिला. ही गोष्ट फारशी पोहोचलेली नाही. तरीही खोलीचे भाडे, मेस, बस पास, लॅपटॉप हा खर्च राहतोच. पदवी किंवा पदविका तंत्रशिक्षण घेणाऱ्यांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘स्वनाथ’ शिष्यवृत्ती वर्षाला 50,000 रुपये देते. वयाच्या तेविसाव्या वर्षी 10 लाख रुपये देणारी पीएम केअर्स योजना मात्र सर्व अनाथांसाठी नाही, फक्त कोविडमुळे पालक गमावलेल्यांसाठी आहे. दोन्हींत अनेकदा गल्लत होते.

कोल्हापूर तर वसतिगृहांचे गाव, तिथे राहण्याची काय चिंता, असे सहज म्हटले जाते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने 1901 मध्ये मराठा आणि जैन, 1906 मध्ये मुस्लिम, 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क अशी वसतिगृहे उभी राहिली, आणि गोरगरिबांच्या कितीतरी पिढ्या त्यांतून शिकल्या. पण ही परंपरा जातवार आहे आणि ती गावी घर असलेल्या मुलासाठी आहे. ज्याला आपली जात ठाऊक नाही, त्याने कोणत्या दारात उभे राहायचे? दिवाळीत मेस बंद होते, खोल्या रिकाम्या करायला सांगतात, आणि सगळे गावाला जातात तेव्हा या विद्यार्थ्याला आठ-पंधरा दिवसांचा आसरा शोधावा लागतो. शिवाजी विद्यापीठातील ‘कमवा आणि शिका’ योजना अशांना उपयोगी पडते, पण सुट्टीतल्या निवाऱ्याचा प्रश्न वसतिगृहांच्या नियमांतच सोडवावा लागेल.

या मुलांना अभ्यासाची गोडी नसते, लवकर कमवायला लावणारा कोर्स बरा, हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. संस्था बदलली की शाळा बदलते, अभ्यासक्रमात खंड पडतो. गुण कमी पडण्यामागे बुद्धीपेक्षा हे कारण अधिक असते. आयटीआय वाईट नाही. मात्र तो निवडायचा की नाही हे मुलाने ठरवावे, बालगृहातल्या जागेच्या गणिताने नव्हे.

अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करता येतो. अधीक्षकांनी आणि वर्गशिक्षकांनी मूल अकरावीत असतानाच तो करून घ्यावा. आधार, अधिवास दाखला आणि बँक खातेही त्याच वर्षी.