उलटा केलेला सोफा

अमरावतीत राजापेठेमागच्या गल्लीत, टिनाच्या शेडखाली, माझ्या बहिणीची सोफ्याची खुर्ची उलटी पडली होती. कारागिराने खालचं काळं कापड पकडीत धरून एका हिसक्यात फाडलं आणि आत बोट दाखवलं. "पाहा ताई, तुमचे पैसे इथं होते."

आत सुबाभळीच्या फळ्या होत्या. एकीची साल तशीच. हात टेकायच्या जागी बाहेरून जी भरीव गोलाई दिसायची, तिथे खोक्याचा पुठ्ठा वाकवून पिना मारलेल्या. सांधा असा कुठे नव्हताच. एक फळी दुसरीला टेकवून गनने पिना ठोकल्या होत्या आणि त्यातल्या अर्ध्या गंजल्या होत्या. बैठकीखाली इलॅस्टिकचे चार पट्टे, त्यातले दोन सुटलेले. बहीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, यावर चार वर्षं पाहुणे बसवले मी."

चार वर्षांपूर्वी दसऱ्याला तिने अकोल्यात हा सेट घेतला होता. तिघांचा एक सोफा आणि दोन खुर्च्या, १६ हजार रुपये. दुसऱ्या उन्हाळ्यात रेक्झिनचे पापुद्रे निघायला लागले. मुलांच्या पाठीला, उशांना, सगळीकडे ती काळी टरफलं चिकटायची. चौथ्या उन्हाळ्यात मधली बैठक खाली गेली. म्हणजे वर्षाला ४ हजार रुपये गेले आणि शेवटी हाती लाकडाचे तुकडे राहिले. ओळखीच्या पिकअपमधून त्यातली एक खुर्ची तिने अमरावतीला आणली, कारण हा कारागीर माझ्या माहितीतला. दुरुस्त होते का, एवढंच विचारायचं होतं.

"होते," तो म्हणाला, "पण पिन कायमंदी मारू? लाकूड तं पायजे ना."

सोफा विकणारे आणि घेणारेही आपल्याकडचं हवामान हिशेबात धरत नाहीत, असं मला नेहमी वाटतं. अकोल्यात २०२० च्या मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. अशा उन्हात घरोघरी खिडकीला कूलर लागतो आणि सोफा हमखास त्याच्याच समोर असतो, कारण दुपारी तिथेच आडवं व्हायचं असतं. मार्च ते जून ताट्यांमधून येणारी ओली हवा त्याच सोफ्यावर आदळते. स्वस्त रेक्झिनवरचा पॉलियुरेथेनचा पातळ थर नेमका उष्णता आणि ओलावा एकत्र आले की कमकुवत होत जातो, आणि मग कापडापासून सुटतो. घाम आणि डोक्याचं तेल त्याला हातभार लावतात. पिना त्याच ओलाव्याने गंजतात. नीट न वाळवलेलं लाकूड बाहेरच्या कोरड्या झळांनी आकसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि प्रत्येक फेऱ्यात पिनेची पकड थोडी सैल होते. रोज फरशी पुसताना पाय भिजतात ते वेगळंच. पायाशी भुशाची पार्टिकल बोर्ड असेल, तर ती पाणी पिऊन फुगते आणि पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. थंड, कोरड्या शोरूममध्ये यातलं काही दिसत नाही.

फोमची परीक्षा कारागिराने शेजारच्या गादीवाल्याकडे नेऊन घेतली. तिथे कापूस तोलायचा काटा होता. जुन्या खुर्चीची बैठक २२ इंच लांब, २२ रुंद, ५ जाड. काट्यावर भरली जेमतेम ७०० ग्रॅम. त्याच मापाचा नवा तुकडा ठेवला, तो १ किलो ६०० च्या आसपास. दुकानात "४० डेन्सिटी" म्हणतात त्याचा अर्थ इतकाच, की त्या फोमच्या एका घनमीटरचं वजन ४० किलो असतं. जुना तुकडा १८ चा निघाला. बोटांनी दाबून हा फरक कळत नाही, कारण हलका फोमही नवा असताना घट्ट लागू शकतो. घट्टपणा वेगळा, घनता वेगळी. ग्राहकाची फसगत बहुतेक इथेच होते. काटा मात्र सांगतो, आणि काटा आपल्या प्रत्येक किराणा दुकानात आहे. बैठकीच्या खोळीला चेन असते, ती उघडून तुकडा बाहेर काढू द्या असं म्हणायला लाजू नये.

अर्थात काट्यालाही चकवता येतं. वजन वाढवायला फोममध्ये खडूसारखी भुकटी मिसळतात. कारागिराने असा एक तुकडा मुठीत आवळून सोडला. तो चुरगळलेलाच राहिला, आणि कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं तर पांढरं आलं. चांगला फोम लगेच उसळून मूळ आकारावर येतो.

मी त्याला सरळ विचारलं, तूही असे पुठ्ठ्याचे सोफे करतोस का? तो कामावरून मान वर न करता म्हणाला, "करतो ना भाऊ. दुकानदार भाव ठरवते, मंग मी लाकूड ठरवतो." मला हे वाक्य फार खरं वाटलं. १६ हजारांत दुकानाचं भाडं, वाहतूक, कर, दुकानदाराचा नफा आणि कारागिराची मजुरी वजा केली, की पाच माणसांच्या बसण्यासाठी लाकूड-फोमला उरतं किती? कमी पैशात जास्त जागा दाखवायच्या, तर आतलं सगळं पातळच करावं लागणार.

स्वस्त सोफा कोणीच घेऊ नये, असं मी म्हणणार नाही. अमरावतीत शिकायला खोली करून राहणारी मुलं, दर तीन वर्षांनी बदली होणारा नोकरदार, कापसाचा चुकारा हाती येऊन त्यातून आधी देणी भागवणारं घर, यांचा हिशेब निराळा असतो. चांगल्या सेटचे ३८ हजार एकरकमी नसतील, तर "दीर्घकाळात स्वस्त पडतं" हे ऐकून काय करायचं? बहिणीकडेही तेवढे नव्हते. पुन्हा १७ हजारांचा सेट घ्यावा, याच विचाराने ती आली होती.

कारागिरानेच वाट काढली. "तुमाले रोज किती जन बसाचे हाये?"

चार, ती म्हणाली. नवरा, दोन मुलं, ती.

"मंग सेट कायले पायजे?"

मला तो क्षण आठवतो, कारण सेट हा शब्द आम्ही दोघांनीही कधी तपासला नव्हता. बैठकीच्या खोलीत तीन अधिक एक अधिक एक असलंच पाहिजे, असं कोणी ठरवलं? आमच्या आजोबांचा सागवानी दिवाण माझ्याकडे माळ्यावर पडून होता. तो अकोल्याला न्यायचा, त्यावर कापसाची नवी गादी, आणि सोबत तिघांचा एकच सोफा, पण नीट केलेला. सोफ्याचे २४ हजार, गादीचे साडेतीन. खर्च साडेसत्तावीस हजारांवर थांबला. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडात आपण फोमच्या मागे लागून गादी विसरलो, याची मला मनापासून खंत वाटते. आखूड, जाड धाग्याचा देशी कापूस लवकर दबत नाही आणि दबला तरी पिंजून पुन्हा भरता येतो. फोम दबला की संपला.

सांगाड्याला त्याने जुन्या घरातून निघालेलं सागवान वापरलं. मेळघाटचा साग परतवाड्याच्या आगारात लिलावाला येतो, पण नवं लाकूड या पैशात बसत नव्हतं. जुन्या चौकटींच्या कडेचा पांढरट भाग त्याने रंध्याने काढून टाकला. सागाचा हा बाहेरचा भाग उधई खाते, आतल्या तपकिरी गाभ्याच्या वाट्याला ती सहसा जात नाही. कोपऱ्यांत खाचा पाडून सांधे बसवले, आत फेविकॉल, वर स्क्रू, आणि प्रत्येक कोपऱ्याला आतून तिरपा ठोकळा. बैठकीला नागमोडी स्प्रिंगा. रेक्झिन नकोच म्हणून जाड विणीचं सुती कापड, चेन लावून, धुता येईल असं.

एकच अट त्याने घातली होती. "कापड चढवायच्या आंधी या. मंग म्हनू नका का आत काय हाये." ठरल्या दिवशी बहीण अकोल्याहून सकाळच्या गाडीने आली. शेडमध्ये नुसता सांगाडा उभा होता. त्याने तिला त्या उघड्या लाकडावर बसायला सांगितलं. आधी मध्ये, मग एका कडेला, मग हातावर भार देऊन. तो स्वतः खाली उकिडवा बसून सांध्याला कान लावून ऐकत होता. डाव्या मागच्या कोपऱ्यात बारीक कुरकुर आली. मला ती ऐकूही आली नव्हती. त्याने स्क्रू काढला, सांधा उकलला, खाच तासली, पुन्हा जुळवला, आणि तिला म्हणाला, "आता बसा ताई."