घरगुती मुक्काम आणि साखरेची गोळी

सुट्ट्या लागल्या की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, कोकणात चाललो आहे, सोबत कोणती औषधे ठेवू?" तापाची, जुलाबाची गोळी आणि मीठ-साखरेची पुडी हे आता सर्वांना ठाऊक आहे. मधुमेही माणसाने मात्र आणखी एक गोष्ट सांभाळायची असते, आणि ती औषधांच्या डब्यात मावत नाही.

आमच्या तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक. वय सदुसष्ट, मधुमेह बारा वर्षांचा, औषधात चुकारपणा नाही. गेल्या हिवाळ्यात मुलगा, सून व नातवंडांसह ते रत्नागिरी जिल्ह्यात समुद्राकाठच्या एका गावी गेले. 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशा पाट्या तिकडे जागोजागी दिसतात. लॉजपेक्षा घर बरे, ताजे अन्न मिळते, म्हणून मंडळी एका घरी उतरली. संध्याकाळी सातला गुरुजींनी रोजच्या सवयीने ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि नातवाला घेऊन वाळूत फिरायला गेले. त्यांच्या घरी साडेसातला ताट वाढलेले असते. येथे घरची माणसे पाहुण्यांसाठी मुद्दाम उकडीचे मोदक करीत बसली होती. पाने मांडायला पावणेदहा वाजणार होते.

नऊच्या सुमारास गुरुजींना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. मुलाला वाटले, प्रवासाचा शीण असेल. घरातल्या आजींनी मात्र सुनेला विचारले, "यांना साखरेचा त्रास आहे का? गोळी घेतली का?" आजी स्वतः मधुमेही. त्यांनी लगेच साखरपाणी पाजले. पंधरा-वीस मिनिटांत गुरुजी भानावर आले. मग आजींनी मऊ भात खाऊ घातला आणि रात्री दोनदा मुलाला उठवून त्यांची विचारपूस करायला लावली.

परत आल्यावर मी विचारले, "भूक लागली नव्हती का?" म्हणाले, "लागली होती हो! पण लोकांच्या घरी गेल्या गेल्या 'जेवायला वाढा' कसे म्हणायचे?"

पैसे मोजून राहिलेला माणूस हे म्हणतो! लॉजवर त्यांनी पोऱ्याला हाक मारून बिस्किटे मागवली असती. पण घराचा उंबरा ओलांडला की आपण पाहुणे होतो, आणि पाहुण्याने मागायचे नसते हे आपल्या हाडीमासी भिनलेले आहे. हा संकोच त्या रात्री जिवावर बेतला असता.

गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, याची ती वाट पाहत नाही. त्यात वाळूतले चालणे म्हणजे दुप्पट श्रम. रक्तातील साखर सत्तरच्या खाली गेली की घाम, कंप, धडधड, कडकडून भूक, चिडचिड, मग भ्रम आणि शेवटी बेशुद्धी. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी, नंतर जेवण. व्होग्लिबोजची गोळी चालू असल्यास साध्या साखरेचा गुण लवकर येत नाही, म्हणून ग्लुकोजची पूड जवळ असू द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. आजींनी रात्री उठवले तेही योग्यच. ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लॅमाइड या गोळ्यांचा अंमल बराच काळ टिकतो, सावरलेल्या माणसाची साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. अशा रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

तेव्हा खोली ठरवतानाच फोनवर सांगावे : घरात मधुमेही आहे, जेवण अमुक वाजता लागेल. जवळचा दवाखाना किती दूर, हेही विचारावे. २०२० साली राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले. शेतावरचे मुक्काम हे बहुधा गावापासून आडबाजूलाच असतात. आणि जेवणाआधीची गोळी ताट समोर आल्यावरच घ्यावी, घड्याळाकडे पाहून नव्हे.

काहींची मुले जर्मनीत आहेत. तिकडेही खेड्यांत कुटुंबे आपल्या घरातील खोल्या पाहुण्यांना देतात, दारावर 'त्सिमर फ्राय', म्हणजे खोली रिकामी आहे, अशी पाटी असते. मात्र बऱ्याच ठिकाणी सकाळची न्याहारी तेवढी मिळते. रात्रीचे जेवण बाहेर शोधावे लागते, आणि खेड्यातली खानावळ लवकर बंद होते. शिवाय तेथील घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन व हिवाळ्यात साडेचार तास मागे. औषधांच्या वेळा जाण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते मोटारीत उन्हात ठेवू नये, रावेरच्या मे महिन्यात तर मुळीच नाही. यजमानांच्या फ्रिजमध्ये ठेवायला द्यावे, पण बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलेले इन्सुलिन वाया जाते. आणि निघताना आठवणीने मागून घ्यावे. ते विसरून आलेले दोघे जण याच वर्षी माझ्याकडे आले होते.