ऋतुचर्या कोणाची? एकट्याची की गावाची?

आजचा विषय तसा घरातलाच आहे. आषाढ लागला की घरोघरी सल्ले सुरू होतात. पाणी उकळून प्या, हलकं जेवा, पालेभाजी नीट धुऊन घ्या, भिजू नका. हे सल्ले खोटे नाहीत. पण ते नेमके कोणाला दिलेले आहेत, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. आज आपण तो आपल्या मावळापुरता विचारून पाहू.

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय ऋतुचर्येचा आहे. पावसाळ्यात जठराग्नी मंद होतो, म्हणून जुनं धान्य खावं, उकळलेलं पाणी प्यावं, असं तिथं सांगितलं आहे. नदीचं पाणी टाळावं, फार श्रम करू नयेत, अनवाणी चालू नये, घराच्या वरच्या मजल्यावर, जिथं ओल आणि तुषार पोचत नाहीत अशा जागी राहावं, असंही पुढं आहे. आता हा सल्ला घेऊन आपण आंदर मावळात, नाणे मावळात, पवन मावळात जाऊ. तिथं ऐन पावसाळ्यात भाताची आवणी चाललेली असते. बायामाणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत खाचरात वाकून उभी असतात. पाय चिखलात, पाठीवर पाऊस. त्यांना आपण काय सांगणार? श्रम करू नका? अनवाणी राहू नका? वरच्या मजल्यावर जाऊन बसा?

म्हणजे शास्त्र चुकलं का? तसं नाही. ज्याच्या हातात निवड आहे त्याच्यासाठी ते बरोबरच आहे. पण ज्याच्या हातात निवड नाही, त्याला तोच सल्ला दिला की तो सल्ला राहत नाही, ठपका होतो. ‘तुम्ही काळजी घेतली नाही, म्हणून आजारी पडलात.’ आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं शब्दांकडे जरा जास्त लक्ष देतो, आणि हा ठपका आम्हाला खटकतो.

याचं उत्तर परंपरेतच आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘जनपदोद्ध्वंसनीय’ नावाचा अध्याय आहे. अग्निवेश गुरूंना विचारतो: माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, बळ वेगळं, वय वेगळं; मग एकाच वेळी एकाच रोगानं सगळा मुलूख कसा उद्ध्वस्त होतो? आत्रेय सांगतात, माणसं वेगळी असली तरी चार गोष्टी सगळ्यांच्या सारख्या असतात. वायू, पाणी, भूमी आणि काळ. त्या बिघडल्या की पथ्यानं वागणाराही सुटत नाही. आणि त्या बिघडण्याच्या मुळाशी ते अधर्म ठेवतात. देशाचे, नगराचे प्रमुखच कर्तव्य सोडतात तेव्हाचा अधर्म. बघा, ऋतुचर्येचा अध्याय एका माणसाशी बोलतो, हा अध्याय गावाशी बोलतो. आपण पहिला पाठ केला आणि दुसरा विसरलो.

हे जुन्या काळापुरतं आहे असं कोणी म्हणू नये. २०२५ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात, सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि दूषित पाण्यावर संशय गेला. त्या वस्तीतल्या कोणाचं पथ्य चुकलं होतं? पाणी सामाईक होतं, इतकंच.

परंपरा तपासून घ्यायची सवय लोणावळ्याला नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथं कैवल्यधाम सुरू केलं, ते योगाच्या क्रिया क्ष-किरणांनी आणि मोजमापांनी पारखण्यासाठीच. त्याच वृत्तीनं पावसाळ्यातल्या तीन गोष्टी आपण पाहू.

पहिली गोष्ट पाण्याची. ‘उकळून प्या’ म्हणायला सोपं. पण श्रावणात सरपण ओलं असतं आणि गॅसची टाकी महाग पडते. म्हणून पाणी घरात येण्याआधी शुद्ध होणं महत्त्वाचं. ग्रामपंचायतीनं विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकायची असते. पाणी गढूळ असेल तर क्लोरिन त्या गाळातच खर्ची पडतो. पोतं ओलीत उघडं राहिलं तर पावडरीचा जोर जातो. म्हणून नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी चाचणी करायची. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरिन शिल्लक आहे. चाचणीला फार वेळ लागत नाही, शाळेतली मुलंही ती शिकू शकतात. तरीही जुलाब लागलेच, तर ओआरएस लगेच सुरू करावं. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मोजमाप चुकवू नये, मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो. मुलांना आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्यानं १४ दिवस झिंकही द्यावं. मूल सुस्त झालं, लघवी कमी झाली, पाणी पोटात टिकेना, तर घरी थांबू नये.

दुसरी गोष्ट खाचराची. उंदीर आणि गुरं यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून अंगात शिरतात. आवणीनंतर आठ-पंधरा दिवसांत जोराचा ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल, असं दिसलं तर ‘भिजल्यानं ताप आला’ म्हणून अंगावर काढू नये. डॉक्टरांना ‘मी खाचरात काम केलं आहे’ हे आपणहून सांगावं. वेळेत औषध मिळालं तर हा आजार बरा होतो. उशीर झाला की मूत्रपिंड आणि यकृतावर जातो. गमबूट मिळाले तर उत्तम. नाहीतर निदान जखम झाकावी आणि काम संपताच पाय साबणानं धुऊन कोरडे करावेत.

तिसरी गोष्ट वाटेची. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार विषारी सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं आणि सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळतं. मण्यार बहुतेक रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि फारसं दुखतही नाही. पहाटे पोटात कळ, पापण्या जड, बोलणं अडखळतं. अशा वेळी देवऋष्याकडे गेलेला एक तास परत मिळत नाही. जखम कापू नये, करकचून बांधू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करावा. पण ओढ्याला पूर असेल तर? म्हणून पावसाळ्यात दिवस भरणाऱ्या गरोदर बाईची सोय आधीच रस्त्याजवळच्या नातेवाइकांकडे करायची. वाडीवरून माणूस डांबरी रस्त्यापर्यंत कसा आणायचा, हे ज्येष्ठातच ठरवून ठेवायचं.

आता या तिन्ही गोष्टींत घराचा वाटा किती आणि गावाचा किती? पाय धुणं घराचं. टीसीएल, प्रतिविष, साकव, रुग्णवाहिका गावाची आणि शासनाची. डोंगरी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं, असा निकष आहे. २००५ पासून साधारण १,००० लोकांमागे एक आशाताई नेमण्याची योजना आहे. हे उपकार नाहीत. चरकाच्या भाषेत तो प्रमुखांचा धर्म आहे. पण प्रमुखांना धर्माची आठवण करून देणं हा आपला धर्म.

त्यासाठी एक साधा प्रश्न पुरे. महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांची पाहणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर होते. त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड दिलं जातं. लाल म्हणजे धोका जास्त. येत्या ग्रामसभेत उठून विचारा: आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे? हिरवं नसेल तर का नाही, आणि कधी होणार? ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीत कोण आहे, तिला मिळालेला निधी कशावर खर्च झाला, हेही विचारा. प्रश्न एकट्यानं विचारला तर कुरकुर वाटते. दहा बायकांनी मिळून विचारला की त्याची नोंद होते.

स्वस्थ म्हणजे स्वतःत स्थिर असलेला, असा या शब्दाचा अर्थ आपण सांगत आलो. पण ज्याच्या घागरीतलं पाणी सगळ्या गावाचं आहे, त्याचा ‘स्व’ उंबरठ्याशी संपत नाही. पावसाळ्याचं पथ्य पाळाच. त्यातलं निम्मं पथ्य मात्र ग्रामसभेत पाळायचं असतं.