‘एवढेच जरा करून द्या...’

एखाद्या कंपनीची ४० पानी माहितीपुस्तिका मराठीत आणण्याचे काम घरून अनुवाद करणाऱ्या व्यावसायिकाकडे येते. दर ठरतो, तारीख ठरते आणि फोनवरच होकार दिला जातो. आठवड्याभरात अनुवाद पोहोचतो आणि मग एकेक निरोप येऊ लागतो. मूळ इंग्रजी मजकुरात थोडा बदल झाला आहे, तेवढा मराठीत करून द्या. चित्रांखालच्या ओळी राहून गेल्या होत्या, त्या आज पाठवतो. छापखान्यातून प्रूफ आले आहे, एकदा नजरेखालून घाला. यातली कोणतीही मागणी अवास्तव नसते आणि प्रत्येकीला ‘एवढेच जरा’ हे शेपूट जोडलेले असते.

आता हिशेब मांडून पाहू. समजा, मजकूर १० हजार शब्दांचा आहे आणि दर शब्दाला दोन रुपये, म्हणजे मोबदला २० हजार. रोज दोन हजार शब्द धरले तर अनुवादाला पाच दिवस आणि फेरतपासणीला एक. सहा दिवसांच्या कामाचे दिवसाला सुमारे ३,३०० रुपये पडले. ‘एवढेच जरा’मध्ये आणखी चार दिवस गेले, की तोच आकडा दोन हजारांवर येतो. शिवाय त्या चार दिवसांत दुसरे काम घेता आलेले नसते. दर कोणीही कमी केलेला नाही, तरी तो कमी झालेला असतो.

व्यवस्थापनाच्या परिभाषेत याला ‘स्कोप क्रीप’ म्हणतात. कामाची व्याप्ती पावलापावलाने आणि कोणाच्या ध्यानात न येता वाढत जाणे. यात नेहमीच ग्राहकाची लबाडी असते, असे मानण्याचे कारण नाही. बहुतेकदा त्याला अनुवाद कोठे संपतो आणि मुद्रितशोधन कोठे सुरू होते, हेच ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने ‘पुस्तिका मराठीत करणे’ हे एकच काम आहे. ते छापून हाती येईपर्यंत चालायचे, अशीच त्याची समजूत असते. ही समजूत दूर करण्याची जबाबदारी ज्याला फरक कळतो त्याच्यावर, म्हणजे व्यावसायिकावर येते.

वाद कोठे उद्भवतात, हे पाहण्यासारखे आहे. पहिला वाद शब्दमोजणीचा. ‘इन द हाऊस’ या तीन इंग्रजी शब्दांचे मराठीत ‘घरात’ एवढेच होते. विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडून येत असल्याने इंग्रजी मजकूर मराठीत आला की शब्दसंख्या घटते. त्यामुळे दर मूळ मजकुराच्या शब्दांवर की अनुवादाच्या, हे आधी ठरलेले नसेल तर बिल हाती पडताच दोन्ही बाजूंना आपण फसवले गेलो, असे प्रामाणिकपणे वाटते. मूळ मजकुराचे शब्द मोजणे सोयीचे, कारण तो आकडा काम सुरू होण्याआधीच दोघांना दिसतो.

दुसरा वाद फॉन्टचा. अनुवादक युनिकोडमध्ये टंकलेखन करतो, तर काही छापखान्यांतील पानांची जुळणी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होते. रूपांतरात रफार जागचा हलतो, जोडाक्षरे फुटतात आणि पाय मोडलेली अक्षरे पानभर दिसतात. हे दुरुस्त कोणी करायचे? ग्राहक म्हणतो, चुका मराठीच्या आहेत, मराठी तुमचे. अनुवादक म्हणतो, मी दिलेली फाईल निर्दोष होती. दोघेही आपापल्या जागी खरे असतात. अंतिम प्रूफ वाचणे कामात धरले आहे का, धरले असल्यास किती वेळा आणि त्यापुढील प्रत्येक वाचनाचा दर काय, ही तीन वाक्ये कोटेशनमध्ये असती तर हा प्रसंग टळला असता.

तिसरा प्रकार सर्वांत नाजूक, तो भाषेच्या चवीचा. ‘सोपे मराठी हवे’ असे ग्राहक सांगतो, पण सोपे म्हणजे ‘संगणक’ की ‘कॉम्प्युटर’, ‘खाते’ की ‘अकाउंट’? अनुवाद पोहोचल्यावर कंपनीतील एखाद्या मराठी जाणणाऱ्या सहकाऱ्याला तो दाखवला जातो. मराठी बोलणारा प्रत्येक जण आपल्याला मराठीतील तज्ज्ञ मानतोच. मग त्याची एक यादी येते आणि साहेबांच्या सौभाग्यवतींची दुसरी. यावर दोन उपाय चांगले लागू पडतात. काम हाती घेतानाच दोन पानांचा नमुना करून द्यावा आणि त्यावर लेखी पसंती घेऊन मगच पुढे जावे. तसेच सूचना एकाच व्यक्तीकडून, एकत्रित आणि ठरलेल्या फेऱ्यांतच येतील, हे आधी मान्य करून घ्यावे. अनुवादकाच्या स्वतःच्या चुका मात्र कितीही वेळा विनामोबदला दुरुस्त केल्याच पाहिजेत. चूक आणि मतपरिवर्तन यांत फरक आहे, तो कोटेशनमध्येही दिसावा.

हे सारे ठाऊक असूनही लिहिले का जात नाही? भीड आड येते. ओळखीतून आलेले काम असते, पैशाचा विषय काढणे कसेसेच वाटते. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. मंगल कार्यालयातला केटरर उठलेली ताटे मोजूनच बिल करतो आणि वधुपित्याला त्यात काही गैर वाटत नाही. घराच्या दुरुस्तीचे काम करणारा कंत्राटदार वाढीव कामाची नोंद निराळी करतो. दिवाणखान्यात बसून डोक्याने काम करणाऱ्यालाच मोजमाप सांगण्याची लाज वाटते, हे नवलच.

त्यासाठी मोठा करारनामा लागतोच असे नाही. ई-मेलवर पाठवलेला पानभर मजकूर आणि त्यावर ग्राहकाचा होकार बहुतेक कामांना पुरतो. त्यात काय करणार याबरोबरच काय करणार नाही, हेही लिहावे. वाद दुसऱ्या यादीवरूनच होतात. नवी मागणी आली की त्याच दिवशी उत्तर जावे: ‘हे अवश्य करून देतो. मूळ कामात ते नसल्याने त्याचे १,५०० रुपये होतील आणि तारीख दोन दिवस पुढे जाईल. आपला होकार आला की सुरुवात करतो.’ अशा उत्तराने ग्राहक दुखावत नाही. दुखावतो तो महिनाभर हसतमुखाने सारे करून शेवटी बिलात अनपेक्षित आकडा लावल्यावर. एखादे किरकोळ काम मोफत करायचे असले तरी ते बिलात ‘विनामूल्य’ म्हणून दाखवावे.

लेखी काहीच नसेल, तर वाढीव कामाचे पैसे बुडाले असे समजावे का? भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७० येथे उपयोगी पडू शकते. फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याची भरपाई देणे त्याच्यावर बंधनकारक ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये बी. के. मंडल अँड सन्स या कंत्राटदाराच्या प्रकरणात हे तत्त्व लागू केले. बंगालमधील आरामबाग येथे सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून त्याने १९४४ मध्ये कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, स्वयंपाकघर अशी कामे केली होती. विधिवत करार झालेला नव्हता, तरीही सरकारने कामे स्वीकारून वापरली असल्याने पैसे देणे भाग पडले. अर्थात, मूळ करारात जे आधीच समाविष्ट आहे, त्यासाठी या कलमाचा आधार मिळत नाही. म्हणजे व्याप्ती कोठवर, हा प्रश्न न्यायालयातही पुन्हा उभा राहतोच. शिवाय चार-पाच हजारांसाठी न्यायालयाची पायरी कोण चढणार?

त्यापेक्षा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ अधिक जवळचा आहे. एकट्याने सेवा देणारी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी करू शकते. ती काम स्वीकारण्यापूर्वीच केलेली बरी, कारण नंतरच्या नोंदणीवरून वाद झाले आहेत. या कायद्यानुसार लेखी करारातही पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांहून अधिक ठेवता येत नाही आणि करार नसेल तर ती १५ दिवसांची असते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. दाद मागण्यासाठी सुविधा परिषद आहे.

याच कायद्यात ‘एवढेच जरा’ला परस्पर उत्तर देणारी एक तरतूद आहे. काम पोहोचल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर ते पोहोचले त्याच दिवशी स्वीकारले गेले, असे मानले जाते. फाईल ई-मेलने पाठवली त्या दिवसाची तारीख म्हणूनच जपून ठेवावी. आणि पाठवताना सोबतच्या मजकुरात ‘काम पूर्ण’ हे दोन शब्द लिहावेत.