कमाई डॉलरमध्ये, कर मात्र इथेच

नोएडा किंवा गुरुग्रामच्या घरात बसून तुम्ही लंडनच्या कंपनीचं काम करता. दर महिन्याला पूर्ण रक्कम खात्यात जमा होते, टीडीएस कापला जात नाही. म्हणून कर लागत नाही असं समजू नका. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त काळ भारतात राहिलात तर साधारणपणे जगभरातली कमाई इथेच करपात्र ठरते. वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त होणार असेल तर अॅडव्हान्स टॅक्स तुम्हालाच भरावा लागतो, नाहीतर व्याज लागतं. परदेशात कर कापला गेला असेल तर त्याचं प्रमाणपत्र जपून ठेवा. करारानुसार इथे वजावट मागता येते.

वर्षाची जमा २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी आलीच. सेवेच्या निर्यातीवर कर शून्य असतो, पण त्यासाठी आधी हमीपत्र, म्हणजे एलयूटी, भरावं लागतं. नेमकं हेच अनेकजण विसरतात.

आता करारपत्र नीट वाचा. त्यात ‘कॉन्ट्रॅक्टर’ लिहिलं असेल तर सहसा पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी रजा नाही, प्रसूती रजाही नाही. डॉलरचा आकडा ऐकून लगेच हो म्हणू नका. आरोग्य विम्याचा हप्ता आणि सुट्टीचे दिवस त्यात धरूनच दर सांगा.